हापूसची सोयरीक

३ जून २०२० च्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये पोफळी मधोमध मोडल्या, माड उपटले गेले आणि आजोबा-पणजोबांनी लावलेले आंबे मुळं वर करून पडले. पडलेलं लाकूड उचलून झाल्यावर वाडीवाडीत एकच प्रश्न उभा राहिला, आता लावायचं काय? सुपारीच्या बाबतीत उत्तर हाताशी होतं. कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनातच आहे आणि 'श्रीवर्धनी' ही जात इथल्याच सुपारीतून निवडलेली आहे. आंब्याची गोष्ट इतकी सरळ नाही. रोपवाटिकेच्या यादीत हापूस, केसर, पायरी यांच्याखाली रत्ना, सिंधू, कोकण रुची, सुवर्णा, कोकण सम्राट अशी नावं असतात. लोक ती वाचतात आणि हापूसची कलमं घेऊन घरी येतात.

यादीतल्या त्या खालच्या नावांबद्दल मला थोडी हळहळ वाटते. यातलं प्रत्येक नाव हापूसच्या घरचं आहे. प्रत्येकामागे कुणीतरी जानेवारीच्या पहाटे मोहोरापुढे चिमटा घेऊन उभं राहिलेलं आहे आणि त्या पहाटेचं फळ काय निघालं हे कळायला त्याला कित्येक वर्षं थांबावं लागलेलं आहे. हापूससाठी जोडीदार शोधण्याचा हा उद्योग कोकणात नेटाने चालला, आणि त्यातून मिळालेली फळं आपण अजून नीट ओळखलेली नाहीत.

हापूसमध्ये इतकं काय कमी आहे की त्याची सोयरीक जुळवावी लागावी? बागायतदाराला विचारा, तो बोटं मोडत सांगेल. एक तर झाड लहरी. एका वर्षी मोहोराने पान दिसत नाही, दुसऱ्या वर्षी नुसती पालवी. हे वर्षाआडचं दुखणं पॅक्लोब्युट्राझॉल नावाच्या संजीवकाने आवाक्यात आलं. बागायतदार त्याला कल्टार म्हणतात आणि दापोलीच्या शास्त्रज्ञांनी हापूससाठी त्याचा वापर बसवून दिला. पण ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं, मापात घालावं लागतं, आणि त्याबरोबर झाडाचं खतपाणीही वाढवावं लागतं. दुसरं दुखणं त्याहून वाईट, कारण ते वरून दिसतच नाही. फळ बाहेरून निर्दोष, सोनेरी, वासाने घर भरून टाकणारं. कापलं की आत कोयीलगत पांढुरका, भुसभुशीत, आंबट पट्टा. हाच साका. पेटीतल्या दोन-चार फळांत साका निघाला तरी गिऱ्हाईक ते वर्षभर विसरत नाही.

साक्याचं कारण शोधण्यात पुष्कळ वर्षं गेली. तापलेल्या जमिनीची धग फळाला लागते म्हणून साका होतो, अशी एक समजूत होती आणि तिला आधारही होता. बुंध्याभोवती आच्छादन घातलं की प्रमाण कमी होताना दिसे. पुढे बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या अभ्यासाने लक्ष कोयीकडे वळवलं. फळ झाडावर असतानाच आतल्या बीची रुजण्याची तयारी सुरू होते, ती बी भोवतालच्या गरातून पाणी आणि अन्न ओढू लागते आणि गराचा तेवढा भाग पिकण्याच्या वाटेवरून भरकटतो. फळ झाडावर जितकं जास्त पिकू द्यावं तितका धोका वाढतो, म्हणून जाणता बागायतदार चौदा आणे तयार फळ उतरवतो, सोळा आण्यांची वाट बघत नाही. सोळा आण्यांचा हापूस झाडाखाली उभा राहून खाण्याची चैन फक्त घरच्यांची, आणि त्यातही साक्याचा जुगार आहेच.

आता एवढ्या खोडी असलेल्या झाडाचं बी लावून त्यातून बरं निघेल ते निवडावं, असं कुणाच्याही मनात येईल. निसर्ग तेच करत आला आहे. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून तयार झालेला असतो. त्यामुळे हापूसची कोय लावली तर उगवणारं झाड हापूस नसतं. आई हापूस, बाप शेजारच्या परसातला कुणीही. असं कोयीपासून वाढलेलं झाड म्हणजे रायवळ. कोकणातला एक रायवळ दुसऱ्यासारखा नसतो तो याचमुळे. खुद्द हापूसही केव्हातरी असाच एक रायवळ असणार. कुणाला तरी तो आवडला आणि त्याची फांदी दुसऱ्या झाडावर बांधली गेली. कलमांची ही कला गोव्यात पोर्तुगीज अमलात, विशेषतः जेझुइट पाद्र्यांच्या बागांमध्ये बहरली. आफोन्सो द आल्बुकर्कचं नाव लागलेला तो आंबा उत्तरेकडे सरकत सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडपर्यंत आला. आज हरिहरेश्वरच्या वाडीत उभं असलेलं हापूसचं कलम हा त्या एका झाडाचाच तुकडा आहे. कलम केलं म्हणजे झाड जसंच्या तसं राहतं, गुणांसकट आणि खोडींसकट. खोड काढायची तर बीजातूनच जावं लागतं, आणि बीजात गेलं की सगळा डाव पुन्हा वाटला जातो.

तो डाव आपल्या हाताने वाटण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात फार लवकर झाला. १९११ च्या सुमारास पुण्याला बर्न्स आणि प्रयाग या दोघांनी आंब्याचे संकर करायला सुरुवात केली. भारतातल्या आंबा-पैदाशीचा शास्त्रीय इतिहास तिथूनच मोजतात. त्या दोघांचं आंब्यावरचं पुस्तक १९२१ मध्ये मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने काढलं. त्यांच्या हाती नाव घेण्यासारखी जात लागली नाही, पण काम कुठे अडतं हे मात्र पक्कं कळलं.

ते अडतं मोहोरापाशी. आंब्याच्या एका तुऱ्यात शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत फुलं असतात. प्रत्येक फूल तांदळाच्या दाण्याहून फारसं मोठं नाही. त्यातली पुष्कळशी नुसती नर. फळ धरू शकणारी, म्हणजे स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असलेली फुलं थोडी. शेतीच्या पुस्तकांत त्यांना संयुक्त फुलं म्हणतात. संयुक्त फुलातही पाच पुंकेसरांपैकी कामाचा साधारण एकच. संकर करणारा भल्या सकाळी, पराग फुटायच्या आत, त्या एका पुंकेसराला चिमट्याने खुडतो, भोवतालची नर फुलं काढून टाकतो, तुऱ्यावर मलमलची पिशवी चढवतो. मग ठरवलेल्या बापाचे पराग आणून त्या कुक्षीवर टेकवायचे आणि पुन्हा पिशवी. उंच झाडावर, शिडीवर उभं राहून, वाऱ्यात हलणाऱ्या तुऱ्याशी हे चालतं. एवढं करून जे धरतं त्यातलं बहुतेक गळून जातं, कारण आंब्याच्या झाडाला स्वतःहून धरलेली फळंही सांभाळता येत नाहीत. हजार संयुक्त फुलांमागे एखादं फळ पिकेपर्यंत टिकतं. त्यात जानेवारीतलं धुकं, भुरी, तुडतुडे. आणि हे सगळं ज्या फळासाठी करायचं त्याच्या पोटात बी किती? एक.

इथे मला ऑर्किडवाल्यांचा हेवा वाटतो. ऑर्किडची एक शेंग म्हणजे धुळीसारख्या हजारो बिया. पूर्वी त्या रुजत नसत, कारण त्यांना सोबतीला विशिष्ट बुरशी लागते. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नड्सन यांनी साखर घातलेल्या अगरवर बुरशीवाचून त्या रुजवून दाखवल्या आणि एका संकरातून रोपांचे ताटवेच्या ताटवे उभे राहू लागले. आपल्याकडे जुन्या आंब्यांच्या फांद्यांवर सीतेची वेणी लोंबते तीही ऑर्किडच, पण संकर करणाऱ्यांचं जुनं वेड म्हणजे स्लिपर ऑर्किड. त्याची एक पाकळी सपातेच्या टोकासारखी पोकळ पिशवी होते, कीटक त्यात घसरतो आणि बाहेर पडताना परागाची गोळी अंगावर घेऊन जातो. कोकणात ही फुलं नाहीत. दक्षिण भारतात त्यांची एकच जात आहे, अगस्त्यमलैच्या डोंगरात, बाकीच्या बहुतेक ईशान्येत. यांचा पहिला संकर इंग्लंडमधल्या व्हिच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी या माळ्याने केला आणि तो १८६९ मध्ये फुलला. पुढे खासी टेकड्यांकडच्या 'इन्सिग्ने'ची रुंदी आणि आसामकडच्या 'स्पायसेरियानम'ची पांढरी शुभ्र वरची पाकळी एकत्र आणून १८८४ मध्ये 'लीअॅनम' निघालं. तिथून पुढे इंग्रज शौकिनांनी पिढ्यामागून पिढ्या एकच ध्यास घेतला: फूल अधिक गोल, अधिक भरदार, रंग अधिक गडद. साहेबाच्या दिवाणखान्यातल्या त्या फुलाचं अर्धं गोत आपल्या ईशान्येतलं आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

ऑर्किडच्या संकरात रंग आणि आकार साधला की काम झालं. फूल डोळ्यांसाठीच आहे. आंब्याच्या संकरात रंग आणि आकार हे फार तर दारापर्यंत पोचवतात. घरात घ्यायचं की नाही हे जीभ आणि नाक ठरवतं. हा फरक कागदावर लहान दिसतो, पण त्यापायी आंबा-पैदास करणाऱ्यांची आयुष्यं खर्ची पडली आहेत. फूल फुललं त्याच दिवशी ते चांगलं की नाही हे कळतं. आंब्याचं रोप फळावर यायलाच सहा ते दहा वर्षं घेतं, मग दोन-चार हंगाम त्याची फळं चाखायची, साका निघतो का बघायचा, दरवर्षी धरतं का बघायचं, टिकतं किती ते बघायचं. आणि मग बहुतेक रोपं तोडून टाकायची.

वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात हे सगळं चिकाटीने झालं. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि हे केंद्र त्याच्याकडे आलं. डॉ. साळवी आणि डॉ. गुंजाटे यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. हापूससाठी त्यांनी निवडलेला जोडीदार दक्षिणेतला, नीलम. नीलम दिसायला साधा, आकाराने लहान, चवीला ठीकठाक. हापूसपुढे मांडला तर कुणी ढुंकून पाहणार नाही. पण सोयरिकीत जे बघायचं ते त्याच्याकडे होतं. नीलम दरवर्षी धरतो, भरपूर धरतो, आणि त्यात साका होत नाही. त्याच काळात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. आर. एन. सिंग यांच्या चमूनेही दशहरीसाठी नीलमच निवडला. नीलम आई आणि दशहरी बाप घेऊन मल्लिका निघाली, उलट घेऊन आम्रपाली. आई-बापांची जोडी तीच, पण मल्लिकेचं फळ मोठं आणि आम्रपालीचं झाड ठेंगणं. एकाच जोडीची मुलं अशी वेगळी निघतात आणि संकर करणाऱ्याला हवं ते मूल मागून मिळत नाही.

नीलम आणि हापूस यांचं रत्ना १९८१ मध्ये प्रसारित झालं. फळ हापूसपेक्षा मोठं, गर केशरी, घट्ट, धागा नाही, साका नाही, आणि झाड दरवर्षी फळतं. बागायतदाराच्या तक्रारींची यादी समोर ठेवून एकेका तक्रारीवर काट मारावी तसं हे फळ आहे. मग कुणीतरी विचारलं की रत्नाला पुन्हा हापूसकडे दिलं तर? म्हणजे नातवाच्या अंगात हापूसचं रक्त पाऊण होईल. त्या संकरातून १९९२ मध्ये सिंधू आलं, आणि त्याने सगळ्यांना चकित केलं. त्याची कोय इतकी पातळ आणि लहान की फळाच्या वजनात तिचा वाटा जेमतेम तीन टक्के. आतली बी जवळजवळ नावापुरती. सिंधूमध्ये साका नाही. कोयीतली बी गर ओढून साका घडवते हे कारण पुढे आलं तेव्हा सिंधूचं हे कोडंही त्याच्याशी छान जुळलं. जिथे रुजायला निघालेली बीच नाही तिथे गर कोण ओढणार?

साक्याच्या बाबतीत नशीबही मदतीला होतं. हापूसच्या संकरांमध्ये साका सहसा उतरत नाही. तो लपून राहणारा गुण असावा असं शास्त्रज्ञांचं निरीक्षण आहे, म्हणजे दोन्हीकडून आल्याशिवाय तो प्रकट होत नाही. गराच्या रंगात मात्र नेमका हाच नियम आड येतो. फिका पिवळा गर गडद केशरी गरावर मात करतो, असं पैदास करणाऱ्यांना वारंवार दिसलं आहे. हापूसचा गडद गर दुसऱ्या घरच्या फिक्या गराशी जुळवला की बहुतेक मुलं फिकी निघतात. रत्नाचा केशरी गर म्हणूनच सहज आलेला नाही, तो निवडून राखलेला आहे.

सालीच्या रंगाची कथा वेगळी, आणि ती कोकणातून थेट फ्लोरिडाला जाते. हापूसची साल पिकल्यावर सोनपिवळी होते, उन्हाच्या बाजूला कधी हलकी लाली धरते. ती आपल्याला पुरते. गोव्याच्या मानकुरादची साल तर फिकट आणि डागाळलेली असते, तरी गोंयकार हापूस बाजूला सारून त्याच्यासाठी पैसे मोजतो. पण युरोप-अमेरिकेच्या दुकानात आंबा लाल असावा लागतो. ही आवड तयार कुणी केली? १८८९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतातून आंब्याची काही कलमं मागवली. ती फ्लोरिडात लावली गेली, १८९४-९५ च्या हिवाळ्यातल्या गोठवणाऱ्या थंडीत बहुतेक मेली, आणि लेक वर्थच्या काठी एल्ब्रिज गेल यांच्या बागेतलं मलगोबाचं एक झाड तगलं. त्याच्या कोया कॅप्टन हेडन यांनी १९०२ मध्ये कोकोनट ग्रोव्हला लावल्या. कॅप्टन लवकरच वारले. त्यांच्या पत्नीने झाडं जपली, आणि त्यातल्या एकाला लालभडक गालांची फळं आली. तोच हेडन. हेडनच्या कोयीतून पुढे टॉमी अॅटकिन्स निघाला. फळपरीक्षकांनी त्याला आधी नाकारलं होतं, कारण गरात धागा आणि चव सपक. पण तो लाल होता, टणक होता, आठवडेच्या आठवडे टिकत होता आणि बोटीत दबत नव्हता. व्यापाऱ्यांनी चवीचा निकाल फिरवला. आज पाश्चात्त्य दुकानांत 'मँगो' म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा हेच फळ.

लाल रंगाचं गुपित सालीतल्या अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांत आहे. गर पिवळा-केशरी करणारी कॅरोटिनॉइड्स वेगळी. दोन्हींची कारखानदारी झाडात स्वतंत्र चालते. म्हणून साल लाल आणि गर फिका, किंवा साल हिरवट आणि गर शेंदरी, अशा सगळ्या जोड्या आंब्यात सापडतात. अँथोसायनिनला ऊन लागतं. पानाआड वाढलेलं फळ लाल जातीचं असलं तरी एका बाजूला हिरवंच राहतं. तेव्हा लाल साल आणि हापूसचा गर एका फळात आणणं तत्त्वतः शक्य आहे. कोकण कृषी विद्यापीठाने नेमकी हीच जोडी जमवली: हापूस आणि टॉमी अॅटकिन्स. त्यांचं अपत्य म्हणजे कोकण सम्राट. दिल्लीच्या संस्थेने आम्रपालीला फ्लोरिडाच्याच 'सेन्सेशन' या लाल जातीशी जुळवून पुसा अरुणिमा काढली. बेंगळुरूच्या संस्थेने परदेशी रंग न आणता हापूस आणि बंगनपल्ली यांच्यातूनच लालसर गालाचा अर्का पुनीत मिळवला. मला यातला कोकण सम्राटचा प्रवास गमतीचा वाटतो. मलगोबाची नात सातासमुद्रापार गोरी मेम होऊन वाढली आणि सून म्हणून कोकणात परत आली.

२००७ मध्ये अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं तेव्हा लासलगावच्या केंद्रात विकिरण करून हापूस, केसर तिकडे जाऊ लागले. त्या बाजारात रंगाचा मुद्दा खरा आहे. पण लाल सालीमागे धावताना आपण काय राखायचं हे ठरवायला हवं, आणि तिथे अडचण येते ती वासाची.

हापूसचा वास म्हणजे एक रसायन नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी या वासाची फोड बरीच वर्षं केली. कच्च्या फळात टर्पीनवर्गीय द्रव्यांचा भर असतो, कैरी मोडल्यावर नाकात जातो तो हिरवा, राळेसारखा वास त्यांचा. फळ पिकताना त्यात लॅक्टोन आणि फ्युरानोन वर्गातली द्रव्यं येऊन मिळतात. फ्युरानिऑल हे त्यातलं ठळक नाव; स्ट्रॉबेरी आणि अननसाच्या गोड वासातही तेच असतं. ही द्रव्यं बनवण्यामागे अनेक विकरं, त्यांच्यामागे अनेक जनुकं. आंब्याची गुणसूत्रं चाळीस, वीस आईकडून, वीस बापाकडून. संकरात हापूसच्या जोड्या फुटतात आणि अर्धीच पुढे जातात. साल लाल करण्यासाठी काही जनुकं जुळून आली तर पुरतात. वासासाठी मोठी टोळी एकत्र यावी लागते. रत्ना खाताना गोडी असते, गर सुरेख असतो, आणि तरी हापूस खाऊन वाढलेला माणूस दुसऱ्या फोडीला थांबतो, काहीतरी राहिलं म्हणतो. त्याची तक्रार खरी आहे. पण तो रत्नाला मुळात हापूस म्हणून खायला बसलेला असतो, हेही खरं आहे. नीलमचं कुणी असं करत नाही, पायरीचं करत नाही. आई-बापांशी तुलना फक्त मुलीच्या वाट्याला येते.

बाजारही तेच करतो. पेटीवर हापूस लिहिलं की भाव, रत्ना लिहिलं की प्रश्न. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला ते लागू आहे, म्हणून हरिहरेश्वरचा हापूसही कायद्याने हापूस. देवगडची पेटी मागणाऱ्या मुंबईकराला रायगडचा हापूस माहीत नसतो हा भाग निराळा. या मानांकनाने कर्नाटकच्या फळाला लगाम बसला हे चांगलंच झालं, पण संकरित जातींना त्याचा काही उपयोग नाही. हरिहरेश्वरला काळभैरवाचं दर्शन घेऊन, समुद्राकाठची प्रदक्षिणा करून आलेला पर्यटक रस्त्याकडेच्या पाटीवर "रत्ना" वाचतो आणि विचारतो, "काकू, हापूस नाही का?" काकू शहाणी असेल तर एक फोड कापून हातात देते. सगळ्याच काकू एवढा वेळ काढू शकत नाहीत.

संकर करणाऱ्यांचं काम आता थोडं जलद होईल अशी चिन्हं आहेत. २०२० मध्ये हापूसच्या संपूर्ण जनुकसंचाची गुणसूत्रवार मांडणी प्रसिद्ध झाली, तीही चीनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने. आपल्या फळाचा नकाशा शेजाऱ्याने काढावा याचं मला आश्चर्य वाटलं आणि थोडं वैषम्यही. अशा नकाशावरून सालीचा रंग, झाडाचा ठेंगणेपणा अशा गुणांच्या खुणा सापडल्या की रोप वीतभर असतानाच पानाच्या तुकड्यावरून निवड करता येईल, नकोशी रोपं दहा वर्षं पोसावी लागणार नाहीत. पिशवी आणि चिमट्यालाही पर्याय निघालेला आहे. दशहरीसारख्या जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत. दिल्लीच्या चमूने याचा फायदा घेतला. आई-बापांची कलमं एका जाळीच्या पिंजऱ्यात शेजारी लावायची, आत माश्या सोडायच्या आणि बाकीचं त्यांच्यावर सोपवायचं.

पण खुणा शोधायच्या तर गुण असलेली झाडं आधी जिवंत हवीत. संकर करणाऱ्याची शिदोरी म्हणजे रायवळ. कुणी भुरीला दाद देत नाही, कुणी आषाढात पिकतो, कुणाची कैरी लोणच्यात वर्षभर करकरीत राहते, कुणाची साल परसातल्या परसात टॉमी अॅटकिन्सला लाजवते. यांना पुस्तकी नावं नसतात. बिटकी, शेपू, साखरा, विहिरीवरचा, एवढीच ओळख. 'निसर्ग' वादळात जे म्हातारे रायवळ पडले त्यांच्या प्रती कुठेही नाहीत, कारण त्यांचं कलम कुणी केलेलं नव्हतं. हापूसच्या झाडाचं तसं नाही, एक पडलं तरी तेच झाड लाखो ठिकाणी उभं आहे. भरपाईच्या पंचनाम्यात मात्र दोघांपुढे "आंबा" एवढाच शब्द पडतो.

राखायचं असेल तर अवघड काही नाही, आणि कोय कलमाची जी पद्धत कोकण कृषी विद्यापीठाने कोकणभर रुजवली ती कुणालाही जमते. जून ते ऑगस्टच्या दमट हवेत कुठल्याही रायवळाच्या कोया पेरायच्या. कोंब दहा-पंधरा दिवसांचा, पानं तांबूस असतानाच घ्यायचा. ज्या झाडाची प्रत हवी त्याची तीन-चार महिने वयाची, डोळा फुगलेली काडी निवडायची आणि कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून खुडायची, म्हणजे डोळा जागा होतो. कोंब कोयीच्या वर वीतभराच्या आत छाटून मधोमध उभा चिरायचा, काडीला खालून पाचर काढायची, दोन्हींच्या साली एका बाजूने तरी जुळतील अशी बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. सावलीत ठेवलं की काही आठवड्यांत नवी फूट दिसते. पिशवीवर झाडाचं घरातलं नाव, वाडीचं नाव आणि फळ केव्हा पिकतं ते न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावं. एका पावसाळ्यात साधं पेन राहत नाही.